तिकीट मोबाईलवर निघतं, मग एजंट कशाला?

दिल्ली विमानतळ, संध्याकाळचे पाच. आम्ही चौघं काउंटरसमोर उभे होतो. हैदराबादहून आलेलं आमचं विमान तीन तास उशिरा उतरलं होतं आणि चार वाजताचं श्रीनगरचं विमान निघून गेलं होतं. काउंटरवरची मुलगी शांतपणे एकच वाक्य परत परत सांगत होती, "सर, ये टिकट अलग है, वो टिकट अलग है."

तिचं बरोबर होतं. दोन्ही तिकिटं मीच काढली होती, परभणीत घरी बसून, मोबाईलवर. एका कंपनीचं हैदराबाद-दिल्ली आणि दुसऱ्या कंपनीचं दिल्ली-श्रीनगर. वेगवेगळी काढली म्हणून चौघांचे मिळून चोवीसशे रुपये वाचले होते. दुसऱ्या दिवशी सकाळची नवी चार तिकिटं एकतीस हजाराला पडली. हाउसबोटीच्या पहिल्या रात्रीचे पैसे गेले ते वेगळेच.

विमान कंपनीच्या दृष्टीनं प्रवास म्हणजे एक पीएनआर, म्हणजे एका बुकिंगचा सहा अक्षरांचा क्रमांक. दोन्ही उड्डाणं एकाच बुकिंगमध्ये असतील, तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यावर पुढं पोचवायची सोय कंपनीनं करायची असते. बुकिंगं दोन असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी. उशीर का झाला याच्याशी तिला कर्तव्य नाही. मला हे माहीत नव्हतं. आमच्या गावातल्या ज्या एजंटकडे मी गेलो नाही, त्यानं एका मिनिटात सांगितलं असतं.

तेव्हापासून कुणी विचारलं की "सगळं मोबाईलवर निघतं, मग एजंटला पैसे कशाला द्यायचे?" तर मी सांगतो की तिकिटासाठी देऊच नका. द्यायचे ते जोडासाठी. एक प्रवास संपून दुसरा सुरू होतो ती जागा म्हणजे जोड, आणि सहल मोडते ती तिथंच.

मराठवाड्यातल्या माणसाच्या प्रवासात तर घर सोडलं की जोड सुरू होतात. मुंबई-पुण्याचा माणूस रिक्षा करून विमानतळावर जातो. हिंगोली, बीड, धाराशिव, परभणीच्या माणसाला आधी विमानतळाच्या गावी जावं लागतं. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्याचा विमानतळ आहे, तिथून मुंबई, दिल्ली, हैदराबाद होतं. नांदेडची विमानसेवा कधी सुरू असते, कधी बंद. म्हणून बरेच जण हैदराबाद गाठतात. रात्रीची रेल्वे, पहाटे स्टेशन, मग शहर ओलांडून शमशाबादचा विमानतळ. रेल्वे दोन तास लेट झाली की सगळा डोलारा हलतो. चार माणसांच्या साध्या सहलीत असे सहा-सात जोड सहज निघतात.

एजंट म्हणजे नेमका कोण

आपण एकच शब्द वापरतो, पण त्यात दोन वेगळी माणसं असतात. एक तिकीट काढून देणारा. रेल्वे, बस किंवा विमानाचं तिकीट हातात दिलं की त्याचं काम संपलं. दुसरा सहल बांधणारा. हॉटेल, गाडी, परवाने, जेवण सगळं जुळवून तो एक पॅकेज देतो. पाटी दोघांचीही सारखीच असते, 'टूर्स अँड ट्रॅव्हल्स'.

सहल बांधणाऱ्याच्या मागं एक साखळी असते आणि ती समजून घेण्यासारखी आहे. लातूरच्या दुकानात बसलेला माणूस स्वतः काश्मीरचं हॉटेल चालवत नाही. तो बहुतेक वेळा मुंबई-पुण्याच्या मोठ्या व्यावसायिकाकडून पॅकेज घेतो. तो मोठा माणूस श्रीनगरमधल्या स्थानिक कंपनीला काम देतो. या स्थानिक कंपनीला धंद्यात 'डीएमसी' म्हणतात. हॉटेलच्या खोल्या, ड्रायव्हर, शिकारा हे सगळं तिच्या हातात असतं. म्हणजे तुमचे पैसे तीन हातांतून जातात, आणि तुमची तक्रारही त्याच तीन हातांतून उलटी जाते. चांगल्या एजंटचा फोन गेला की मधली माणसं हलतात, कारण तो वर्षाला पन्नास कुटुंबं पाठवतो. तुम्ही एकदाच जाणार असता.

त्याला पैसे कुठून मिळतात? विमान कंपन्या पूर्वी तिकिटावर ठरलेलं कमिशन देत, ते जवळजवळ संपलं. त्यामुळे विमानाच्या तिकिटावर तो सेवाशुल्क लावतो. ते तुमच्याकडून उघड घेतलेलं बरं. रेल्वेच्या अधिकृत एजंटचं सेवाशुल्क ठरलेलं आहे, बिगर-एसी तिकिटाला २० रुपये आणि एसीला ४०. त्याची खरी कमाई हॉटेल आणि गाडीत असते. समजा एका खोलीचा भाव वेबसाइटवर चार हजार आहे. नेहमी गिऱ्हाईक देणाऱ्या व्यावसायिकाला हॉटेल तीच खोली तीन हजाराला देतं, त्यावर तो आपला नफा चढवतो. म्हणून चांगल्या एजंटचं पॅकेज कित्येकदा तुम्ही स्वतः जुळवलेल्या सहलीइतक्याच पैशांत बसतं. नेहमीच बसतं असं मी म्हणणार नाही.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट घडते. मोठे व्यावसायिक गर्दीच्या तारखांची विमानाची तिकिटं काही महिने आधी गठ्ठ्यानं उचलून ठेवतात आणि नावं नंतर भरतात. माझ्यासारख्या शिक्षकाला सुट्टी मिळते ती मे महिन्यात आणि दिवाळीत, म्हणजे अख्खा देश निघतो तेव्हाच. अशा वेळी गठ्ठ्यातली जागा मोबाईलवरच्या भावापेक्षा स्वस्त मिळू शकते. फक्त ती रद्द केली तर सहसा एक रुपयाही परत येत नाही, हे घेतानाच विचारून घ्या.

रेल्वेच्या बाबतीत मात्र एजंटचा फारसा उपयोग नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, आणि त्या दिवशी सुरुवातीची काही मिनिटं अधिकृत एजंटला तिकीट काढता येत नाही. तत्काळमध्ये तर हे बंधन आणखी मोठं आहे. जुलै २०२५ पासून तत्काळ उघडल्यावरचा पहिला अर्धा तास अधिकृत एजंटला तिकीट काढताच येत नाही. एसीसाठी दहा ते साडेदहा, बिगर-एसीसाठी अकरा ते साडेअकरा. आधार जोडलेलं स्वतःचं खातं असलेल्या माणसाला तो अर्धा तास मोकळा आहे. तेव्हा "कन्फर्म तत्काळ, हमखास" म्हणणारा एक तर खोटं बोलतोय किंवा कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावरून धंदा करतोय. परवानगीशिवाय तिकिटांचा असा व्यापार करणं रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि पकडलेलं तिकीट रद्द होतं तेव्हा फलाटावर उभं राहावं लागतं ते तुम्हाला.

गुडघ्यांचा प्रश्न

एप्रिलमधली गोष्ट. मी आमच्या गावातल्या त्याच एजंटच्या दुकानात बसलो होतो, आता जातो नियमानं. एक शेतकरी जोडपं आलं. मामा साठी ओलांडलेले, मामी थोड्या लहान, हातात कापडी पिशवी.

"केदारनाथाला जायचं म्हणायलेत हे," मामी म्हणाल्या.

मला वाटलं आता तो तारीख विचारेल, बजेट विचारेल. त्यानं विचारलं, "मामी, जिना चढताना गुडघे दुखायलेत का?"

मामींनी मामांकडं पाहिलं. "दुखतेत थोडे."

"आम्ही हेलिकॉप्टरनं जाणार," मामा म्हणाले. "मोबाईलवर आलंय ना. पैसे भरले की तिकीट."

"तो मेसेज दाखवा बरं." त्यानं वाचला आणि फोन परत दिला. "मामा, ह्याच्यावर एक रुपया टाकू नका. केदारनाथचं हेलिकॉप्टरचं तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवर निघतं. माझ्या हातात ते नाही, कुणाच्याच नाही. मी तुमच्या नावानं फॉर्म भरून देतो, मिळालं तर मिळालं. पण नाही मिळालं तर काय करायचं, ते आजच ठरवू."

मग त्यानं एका कोऱ्या कागदावर दिवस मांडले. गौरीकुंडापासून मंदिरापर्यंत साधारण सोळा किलोमीटरची चढण. मंदिर साडेतीन हजार मीटरच्या वर, तिथं हवा विरळ. मामींसाठी घोडा किंवा पालखी धरावी लागेल. हरिद्वारहून निघून एकदम वर जायचं नाही, गुप्तकाशीला एक मुक्काम करून शरीराला सवय होऊ द्यायची. यात्रेची सरकारी नोंदणी झाल्याशिवाय सोडत नाहीत, ती आजच करून टाकू. उतरल्यावर लगेच दुसऱ्या दिवसाचं परतीचं रेल्वे तिकीट काढायचं नाही, मधे दोन दिवस मोकळे ठेवायचे. "का?" मामांनी विचारलं. "दरड कोसळली की रस्ता बंद होतो मामा. तुमची रेल्वे तुमच्यासाठी थांबत नाही."

शेवटी त्यानं आधार कार्डं मागितली. मामींच्या आधारवर अजून माहेरचं नाव होतं आणि मामा फॉर्मवर सासरचं सांगत होते. त्यानं फॉर्मवरचं नाव तिथल्या तिथं बदललं. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळायला हवं, एवढीशी गोष्ट. आपल्याकडं किती बायांच्या कागदांत हा घोळ असतो, ते प्रत्येक घरात माहीत आहे.

त्या पाऊण तासात त्यानं एकही तिकीट काढलं नव्हतं, तरी मला त्याचं सगळं काम दिसलं. मोबाईलचं ॲप तारीख विचारतं, माणसं किती ते विचारतं. मामींचे गुडघे विचारत नाही.

असं ठिकाणाठिकाणचं ज्ञान फार बारीक असतं. सिक्कीममध्ये नथुला खिंडीचा परवाना तिथल्या नोंदणीकृत ट्रॅव्हल एजन्सीमार्फतच काढावा लागतो, आणि सोमवार-मंगळवार खिंड पर्यटकांना बंद. मनालीहून रोहतांगला रोज ठरावीक गाड्यांनाच परवाना मिळतो. नेपाळला पशुपतिनाथाला विमानानं जाणाऱ्यांना वाटतं आधार चालेल. पण पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधारवर काम भागत नाही. लेहला विमानानं उतरलात तर पहिला दिवस-दोन दिवस नुसता आराम करायचा, कारण तुम्ही दोन तासांत साडेतीन हजार मीटरवर पोचलेले असता. परदेशी जायचं तर पासपोर्टची मुदत बघायची, कारण अनेक देशांना तुम्ही तिथं पोचल्यापासून पुढं सहा महिने मुदत शिल्लक लागते. यातली प्रत्येक गोष्ट इंटरनेटवर सापडते, फक्त ती शोधायची आहे हे आधी सुचावं लागतं.

आपल्या दारातलंच पाहा ना. पुण्या-मुंबईहून पाहुणे अजिंठा बघायला निघतात ते शनिवार-रविवार-सोमवार धरून. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. सोमवारी सकाळी अजिंठ्याच्या बंद फाटकापाशी पोचून तसंच परत फिरलेलं एक कुटुंब मी स्वतः पाहिलंय. पोरगी रडवेली झाली होती.

बिघडलेल्या दिवशी

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं काही दिवसांत रद्द झाली. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम लागू झाले आणि कंपनीकडं तेवढी माणसं नव्हती. विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले आणि रांगा हलेनात. अशा दिवशी प्रत्येक प्रवाशाकडं एक फोन आणि एक हेल्पलाइन असते, आणि ती हेल्पलाइन लागत नाही. ज्याच्यामागं एजंट होता त्याच्यासाठी निदान दुसरं कुणीतरी, गर्दीच्या बाहेर, खुर्चीत बसून पर्याय शोधत होतं. रेल्वे बघत होतं, गाडी बघत होतं, पुढच्या हॉटेलला "एक दिवस उशिरा येतायत, खोली सोडू नका" म्हणून कळवत होतं. रद्द झालेलं विमान एजंट परत आणू शकत नाही, हे खरंच आहे. पण पुढचे पाच जोड तो सावरू शकतो.

परताव्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. एजंटकडून काढलेलं विमानाचं तिकीट रद्द झालं आणि तो म्हणाला "कंपनीकडं मागा", कंपनी म्हणाली "एजंटकडं मागा", तर नियम स्पष्ट आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार एजंट हा कंपनीचा नेमलेला प्रतिनिधी आहे, परताव्याची जबाबदारी शेवटी विमान कंपनीवर आहे. दुसरं, परतावा न मिळणारं स्वस्त तिकीट रद्द केलं तरी विमानतळ शुल्कासारखे सरकारी कर परत मिळतात. बरेच जण मागतच नाहीत.

थेट कंपनीच्या वेबसाइटवर तिकीट काढण्याचाही एक फायदा आहे. नावात चूक झाली आणि २४ तासांत दाखवली, तर दुरुस्तीचे पैसे लागत नाहीत. एजंटकडून काढलेल्या तिकिटाला ही हमी नाही. म्हणून त्याच्याकडून घेतल्यावर दुकानातच उभं राहून नाव अक्षर न् अक्षर वाचा.

पैसे देण्याआधी

इथं जरा कडक बोलतो. ट्रॅव्हल एजंट व्हायला देशभर लागू असा सक्तीचा परवाना नाही. पर्यटन मंत्रालयाची मान्यता आहे, पण ती घेणं ऐच्छिक. म्हणजे कुणीही उद्या पाटी लावू शकतो. फसवणुकीच्या गोष्टी आपल्याकडं जिल्ह्याजिल्ह्यात ऐकू येतात. गावभरच्या बायकांकडून यात्रेचे पैसे गोळा केले, निघायच्या आदल्या रात्री दुकान बंद. तेव्हा दुकान किती वर्षं आहे ते बघा, त्याच्याबरोबर जाऊन आलेल्या दोन घरांत विचारा. पैसे रोख किंवा कुणाच्या वैयक्तिक नंबरवर नको, धंद्याच्या नावाच्या खात्यात, आणि बिल घ्या. पॅकेजवर पाच टक्के जीएसटी लागतो, तो बिलावर दिसायला हवा. "जीएसटीशिवाय देतो" म्हणजे उद्या तक्रार करायला तुमच्याकडं कागद नसणार. परदेशी पॅकेजवर टीसीएस नावाची रक्कम कापतात. तिचा दर बदलत आलाय, पण ती तुमच्या नावानं प्राप्तिकर खात्यात जमा होते आणि विवरणपत्र भरल्यावर वळती होते. ती बुडाली असं समजू नका.

पॅकेजच्या कागदावर बारीक अक्षरं असतात, ती वाचायला शिका. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुतेक रात्रीचं. एपी म्हणजे तिन्ही वेळचं. दोन एजंटांच्या भावात आठ हजारांचा फरक दिसतो तो कित्येकदा एवढ्याच अक्षरांचा असतो. हॉटेलच्या नावापुढं 'किंवा त्याच दर्जाचं' असं लिहिलेलं असेल तर नाव पक्कं करून घ्या, कारण दर्जा ठरवणारा तो असतो. गाडीबद्दल विचारा की ती दिवसभर आपल्या दिमतीला आहे की नुसती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सोडणार. पहलगामला बाहेरची गाडी आरू, चंदनवाडीकडं जाऊ देत नाहीत, स्थानिक टॅक्सी करावी लागते. तिचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत का? निघायच्या आठवडाभर आधी हॉटेलला स्वतः फोन करून आपल्या नावाची खोली आहे ना ते विचारा. यात एजंटवर अविश्वास नाही, चांगला एजंट स्वतःच सांगतो विचारून घ्या म्हणून.

एवढं करूनही फसवलंच, तर ग्राहक आयोगात तक्रार तुमच्याच जिल्ह्यात करता येते, एजंट मुंबईचा असला तरी. मुदत दोन वर्षांची. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा, बरीच प्रकरणं तिथंच मिटतात.

तुळजापूरला, औंढ्याला, पंढरपूरला जायला एजंट नको. गोव्याला चार मित्र निघालात, नको. जिथं जोड एक किंवा दोन आहेत आणि बिघडलं तर हसत निभावता येईल, तिथं स्वतः करा, त्यातही मजा आहे. म्हातारी माणसं बरोबर आहेत, उंचावर जायचंय, परवाने आहेत, परदेश आहे किंवा आयुष्यात एकदाच निघणारी यात्रा आहे, तिथं मात्र दोन-तीन हजार वाचवायला जाऊ नका.

त्या दिवशी मामांनी पैसे लगेच दिले नाहीत. एजंटनं कागदावर तीन फोन नंबर लिहून दिले होते, त्याचा स्वतःचा, हरिद्वारच्या माणसाचा आणि तिथल्या ड्रायव्हरचा. मामांनी कागद उलटसुलट बघितला आणि विचारलं, "रातच्याला गाडी बंद पडली तर कोण उचलंल?"

"हरिद्वारवाला. लावून बघा आत्ताच."

मामांनी खरंच लावला. दोन रिंगा गेल्या. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "हाँ जी, बोलिए, परभणी से ना?" मामांनी फोन कानावरून काढला, मामींकडं बघून मान हलवली आणि मग पिशवीतून पासबुक काढलं.